हंगाम पाच महिन्यांचा, वर्ष मात्र पुरं

पलूस तालुका बाहेरच्यांना द्राक्षांमुळे माहीत. पण इथल्या कितीतरी घरांची चूल भोंग्यावर पेटत आली आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा. पुढं कुंडलचा साखर कारखाना आला, भिलवडीची डेअरी आली, सूतगिरण्या आल्या, पलूसची एमआयडीसी आली. या भोंग्यांवर गेलेली माणसं आता एकामागून एक अठ्ठावन्न वर्षांची होत आहेत. हार, शाल, नारळ होतं, फोटो निघतो. मग दोन-चार महिन्यांनी पारावर कुणी विचारतं, "पेन्शन किती बसली?" आणि माणूस आकडा सांगायच्या ऐवजी तंबाखू मळायला लागतो.

मी अंगणवाडी सेविका आहे. आमचे हे साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला, पॅनवर होते, हंगामी कामगार म्हणून. कारखान्याचं नाव लिहीत नाही, घोळ सगळीकडं सारखेच. काचेच्या पट्टीवर साखरेचा दाणा बघून पॅन कधी सोडायचा ते ह्यांना अचूक कळतं, कागद बघितला की मात्र जांभई येते. मला उलट रजिस्टरांची सवय. त्यामुळं ह्यांना पंचावन्नावं लागलं तेव्हाच पेन्शनची फाइल माझ्याकडं आली. त्यातून जे कळलं ते मुद्दे पाडून लिहिते. क्रम महत्त्वाचा नाही, तिसरा मुद्दा तेवढा साखर कारखान्यातल्या घरांनी सोडू नये.

१. पीएफ कापला जातोय म्हणून पेन्शन भरली जातेय, असं समजू नये

पगारपत्रकावर 'पीएफ' असा एकच शब्द असतो. प्रत्यक्षात ते दोन डबे आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर कामगाराचे १२ टक्के कापतात, ते सगळे पीएफच्या डब्यात. मालकाचेही १२ टक्के, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या डब्यात जातात आणि उरलेले पीएफमध्ये. ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली, म्हणून सगळे तिला 'ईपीएस ९५' म्हणतात. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती. ८.३३ टक्केही सगळ्या पगारावर नसतात. पगाराची मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे पगार तीस हजार असला तरी पेन्शनला महिन्याला १,२५० रुपयेच जातात.

पीएफवर व्याज चढतं, म्हणून लोक तो रकाना पुन्हा पुन्हा बघतात. पासबुकात त्याच्या शेजारी पेन्शनचा रकाना असतो. त्यावर व्याज नाही, आणि पेन्शन त्या जमा रकमेवर ठरतही नाही. ती ठरते वर्षांवर. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. त्यातही सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना जास्तीत जास्त ६,५०० धरतात, नंतरच्या वर्षांना १५,०००.

अंगणवाडीच्या फळ्यावर मी हे सोडवून बघितलं. २०१४ नंतरचं एक वर्ष म्हणजे महिन्याला २१४ रुपये. त्याआधीचं एक वर्ष म्हणजे ९३ रुपये. नोंदीतून एक वर्ष गळालं की तेवढे रुपये जन्मभर दर महिन्याला गळाले. पेन्शनचं नियम-कलम कुणाला समजावत बसण्यापेक्षा मी हे दोन आकडे सांगते. माणूस लगेच घरी जाऊन ट्रंक उघडतो.

२. आधी आपली यादी लिहावी, मग त्यांची बघावी

यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून असलेला एकच पीएफ क्रमांक, टाकला की मोबाइलवर नोकरीची यादी दिसते. ती आधी बघितली तर आपण तिलाच खरं मानायला लागतो. म्हणून आम्ही आधी कोरी वही घेतली. कुठल्या साली कुठं होता, कधी लागला, कधी सुटला, मधे आजारी किंवा बिनपगारी किती होता, संप कधी झाला, हे सगळं लिहून काढलं.

ह्यांना तारखा आठवत नाहीत, पण साल दुसऱ्या वाटेने आठवतं. "थोरलीचं बारसं झालं त्या हंगामात मला रात्रपाळी होती." "२००५ चा पूर आला त्या वर्षी मिल उशिरा सुरू झाली." "त्या साली ऊस एवढा होता की मेपर्यंत कारखाना बंद झाला नाही." मी अशी वाक्यं लिहून घ्यायची आणि शेजारी गळीत हंगाम मांडायची, २००५-०६, २००६-०७. कृष्णाकाठच्या माणसाला पुरांची सालं तोंडपाठ असतात, २००५, २०१९, २०२१, त्याचा फार उपयोग होतो.

यूएएन २०१४ साली आला. त्याआधी प्रत्येक नोकरीचा पीएफ नंबर वेगळा असायचा आणि बऱ्याच जणांचे ते जुने नंबर आजही एकमेकांना जोडलेले नाहीत. पासबुकात जुनी वर्षं महिनावार दिसत नाहीत, नुसती मागची शिल्लक दिसते. शिल्लक बरोबर आहे म्हणजे वर्षंही बरोबर आहेत, असा अर्थ काढू नये. जुन्या वर्षांसाठी ३-ए नावाचा वार्षिक फॉर्म बघावा लागतो. त्यावर महिन्याचा पगार, वर्गणी आणि बिनवर्गणीचे दिवस असतात. तो कारखान्याच्या टाइम ऑफिसात किंवा पीएफ विभागात मिळतो. निदान मिळायला हवा.

३. हंगामी कामगाराचं वर्ष पुरं धरतात, पण नोंद तशी असेल तर

बॉयलर अग्निप्रदीपन साधारण दसऱ्याच्या आसपास, मग मोळी पूजन, मग गाळप. मार्च-एप्रिलात गाळप आटोपलं की कायम कामगार राहतात आणि हंगामी माणूस घरी येतो. बंद हंगामात त्याला रिटेन्शन अलाउन्स मिळतो, कुशल-अकुशल प्रमाणे कमी-जास्त. पुढच्या दसऱ्याला पुन्हा हजर. अशी वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं आमच्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत.

आता ३-ए फॉर्मवर 'एनसीपी' असा एक रकाना असतो. ज्या दिवसांची वर्गणी भरली नाही ते दिवस. बिनपगारी रजा, संप, गैरहजेरी हे सगळं त्यात येतं आणि तेवढे दिवस सेवेतून वजा होतात. ते रास्तच आहे. पण हंगामी माणसाच्या बाबतीत कारकुनाने बंद हंगामाचे सगळे दिवस त्या रकान्यात घातले, तर दर वर्षी निम्मं वर्ष उडतं.

पेन्शन योजनेत हंगामी कामगारांसाठी वेगळी तरतूद आहे. हंगामी नोकरीत वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. हे मला कुणी आपणहून सांगितलं नाही. ह्यांच्या ३-ए च्या झेरॉक्स घेऊन बसले तेव्हा काही वर्षी एनसीपीचा रकाना कोरा होता आणि काही वर्षी त्यात जवळजवळ निम्म्या वर्षाचे दिवस होते. माणूस तोच, पॅन तोच, हंगाम तेवढाच. मग नियम एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा कसा? विचारत गेले तेव्हा कळलं की टाइम ऑफिसातला कारकून बदलला की रकाना भरायची पद्धत बदलायची. एक जण हंगामी धरून कोरा सोडायचा, दुसरा हजेरीपटावरून दिवस मोजून घालायचा. कुणाच्या मनात पाप नव्हतं. दोघांनाही वाटायचं की आपण बरोबर करतोय.

याची किंमत किती? हे नोव्हेंबर २००० ला कारखान्यात लागले आणि जून २०२५ ला अठ्ठावन्न पूर्ण झाले. हंगाम पंचवीस. त्यातले १४ सप्टेंबर २०१४ च्या आधीचे, ११ नंतरचे. पुरी वर्षं धरली तर १४ गुणिले ९३ आणि ११ गुणिले २१४. शिवाय वीस वर्षं सेवा करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं वरून मिळतात. सगळं मिळून चार हजारांच्या आसपास जातं. आता समजा सगळेच हंगाम निम्मे धरले असते. साडेबारा वर्षं भरली असती, वीसची अट गेली, वरची दोन वर्षं गेली आणि पेन्शन अठराशेच्या घरात आली असती. भट्टीसारख्या उकाड्यात काढलेल्या त्याच रात्री, त्याच पाळ्या.

दुरुस्ती मालकाकडूनच व्हावी लागते. आम्ही अर्ज केला. कामगार हंगामी असल्याचा दाखला, नेमणुकीचा कागद, हंगामाच्या सुरू-बंदच्या तारखा असं सगळं जोडलं. कारखान्याने भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला सुधारित नोंदी पाठवायच्या, असं ते चालतं. वेळ लागतो. पण कारखाना चालू असतो, टाइम ऑफिसात ओळखीचं माणूस असतं, तोवर ते होतं तरी. ह्यांच्याबरोबरचे एक जण निवृत्त झाल्यावर या मागे लागले. तोवर जुने हजेरीपट कुठल्या गोदामात आहेत ते सांगणारा माणूसच निवृत्त झाला होता.

इथं एक सांगायला हवं. ज्या उसावर हा सगळा हंगाम उभा असतो तो तोडणारी बीड-धाराशिवकडची माणसं पालात राहतात आणि त्यांच्या नावावर ना पीएफ ना ईपीएस. टोळीच्या मुकादमाकडं उचल असते, तीच त्यांची नोंद. आमच्या अंगणवाडीत हंगामापुरती त्यांची पोरं येतात. एनसीपीचा रकाना कोरा की भरलेला, यावर मी घरात भांडत होते तेव्हा हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

४. काढून घेतलेली वर्षं परत येत नाहीत

साखर कारखान्याच्या आधी हे काही वर्षं एका सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा पाळीतल्या बहुतेकांनी दोन्ही फॉर्म भरले, पीएफ काढायचा १९ आणि पेन्शन काढायचा १०-सी. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर पेन्शनचे पैसे असे काढता येतात. मिळतं ते वर्षाला साधारण एका पगाराच्या हिशेबाने. ते घेतले की त्या वर्षांचा निकाल लागला, पुढं कुठंही नोकरी करा, ती वर्षं जोडली जात नाहीत.

त्याच १०-सी फॉर्मवर दुसरी वाट आहे. पैसे न घेता योजना प्रमाणपत्र घ्यायचं. मग ती वर्षं पुढच्या नोकरीत जोडता येतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तेव्हा ते घेतलं होतं. "मला फॉर्म भरायचा कंटाळा आला म्हणून पैसं काढलं न्हाईत, दुसरं काय," असं ते हसत सांगतात. त्यांच्या पेन्शनीत गिरणीची वर्षं आहेत, ह्यांच्या नाहीत.

मी ह्यांना यावरून कधी बोलले नाही. त्या पैशांनी नणंदेचं लग्न झालं. लग्न ठरलेलं घर २०२५ सालच्या पेन्शनीचा विचार करत नाही, आणि करूही नये.

ज्यांची सेवा दहा वर्षांच्या काठावर आहे त्यांनी मात्र हिशेब नीट करावा. सहा महिने किंवा जास्त असतील तर ते पुरं वर्ष धरतात, कमी असतील तर सोडून देतात. म्हणजे साडेनऊ वर्षांवर दहा होतात. नऊ वर्षं पाच महिन्यांवर होत नाहीत, आणि मग पेन्शनच नाही. असा माणूस पाहिला की त्याला एनसीपीचे दिवस आधी तपासायला सांगावं. तीस-चाळीस दिवसांनी आयुष्यभराची पेन्शन इकडची तिकडं होते.

५. एक जूनचे वाढदिवस

आमच्या पिढीतली निम्मी शाळा एक जूनला जन्मली आहे. गुरुजी विचारायचे, "पोराचा जन्म कधीचा?" आजी सांगायची, "सुगीच्या टायमाला." मग गुरुजी एक जून लिहायचे. पुढं आधार काढताना कुणी एक जानेवारी लिहिलं. कारखान्यात नेमणुकीच्या वेळी डॉक्टरने अंदाजे वय घातलं. अशा तीन तारखा घेऊन माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनच्या दारात उभा राहतो.

तारीख नुसती ओळखीसाठी नसते. अठ्ठावन्न पूर्ण झाले की पेन्शनची वर्गणी थांबते आणि मालकाचा सगळा वाटा पीएफला जायला हवा. नोंदीतली तारीख चुकीची असेल तर वर्गणी पुढंही जात राहते किंवा आधीच थांबते. दोन्हीत दावा अडकतो.

नावांचं तर विचारू नका. घरी आप्पा, शाळेत तुकाराम, कारखान्यात 'टी. बी.', आधारवर वडिलांच्या नावासकट. दुरुस्तीसाठी बऱ्याचदा कामगार आणि मालक यांचं संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो हरवला असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत मिळते. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून कुठली तारीख धरायची ते आधी ठरवावं आणि मग केंद्रावर जावं. आम्ही शाळेची धरली.

६. कागद कोरड्या जागी नव्हे, दोन जागी

ऑगस्ट २०१९ मध्ये भिलवडी, अंकलखोप, आमणापूर या बाजूच्या घरांत कृष्णेचं पाणी दिवसचे दिवस राहिलं. पाणी उतरल्यावर लोकांनी आधी धान्य उपसलं, मग गाद्या, कागद शेवटी. तोवर पगाराच्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. ज्यांनी योजना प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलं होतं त्यांचं वाचलं. आता मोबाइल आहे. फोटो काढावे आणि लेकीच्या, भाच्याच्या फोनवरही ठेवावे. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

७. तोंडी बोलणं म्हणजे काहीच नाही

अंगणवाडीत आमचा जन्म आवक-जावक रजिस्टरात गेला. पोषण ट्रॅकर मोबाइलवर आला तरी वही सुटली नाही. ती सवय इथं कामी आली. टाइम ऑफिसात "बघतो की ताई" असं म्हटलं जातं, आणि म्हणणारा खरंच बघणारही असतो. पण त्याची बदली झाली की बघणं त्याच्याबरोबर जातं. अर्ज दोन प्रतींत द्यावा. एकीवर शिक्का, सही, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. पोच मागताना संकोच वाटतो, विशेषतः समोरचा गावातलाच असेल तर. तो संकोच कसा टाळायचा तेही सांगते. मी म्हणायची, "आमच्याकडं ऑडिट असतं दादा, सवय लागलीय." ते हसायचे आणि शिक्का मारायचे.

सांगली जिल्ह्याचं काम भविष्य निर्वाह निधीच्या कोल्हापूर कार्यालयातून चालतं. किर्लोस्करवाडीहून सकाळच्या गाडीने मिरजमार्गे कोल्हापूर गाठता येतं. पण प्रत्येक वेळी तेवढी धावपळ करायची गरज नसते. २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर होतं. तिथं अधिकारी येतात, कागद बघतात. आपण काय न्यायचं? वहीतली यादी, पासबुकाची प्रत, ३-ए च्या झेरॉक्स आणि एका कागदावर लिहिलेला एकच प्रश्न. पाच प्रश्न घेऊन गेलेल्याला एकाचंही उत्तर पुरतं मिळत नाही, हे मी रांगेत उभी राहून बघितलं आहे.

८. कंत्राटातल्या पोरांनी वाट बघू नये

हे माझ्या भाच्यावरून. तो एमआयडीसीत कंत्राटदाराकडून कामाला. कंत्राटदार बदलतो, शेड तेच, मशीन तेच, पण पीएफचा खाते क्रमांक नवा. यूएएन एकच असला तरी प्रत्येक खात्याची सेवा त्यात जोडून घ्यावी लागते. जोडल्यावर नव्या खात्यात पेन्शनचे रुपये दिसत नाहीत म्हणून तो घाबरला होता. त्यात घाबरण्यासारखं नाही. पेन्शनचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जात नसतात, जाते ती सेवा. मागच्या नोकरीची सोडल्याची तारीख भरलेली असली म्हणजे झालं. मालकाने ती भरली नसेल तर दोन महिन्यांनंतर आपली आपण भरता येते.

घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. पगाराच्या चिठ्ठीवर कपात आणि पासबुकात जमा नाही, हा प्रकार. त्याच्या बाबतीत तीन महिने असंच झालं. कंत्राटदाराने भरलं नाही तर जबाबदारी मूळ कारखानदारावर येते, कायदा तसाच आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. ती लगेच करावी, कारण चिठ्ठी ताजी असते आणि कंत्राटदार अजून गावात असतो. वीस वर्षांनी त्या तीन महिन्यांचा साक्षीदार कुठून आणणार?

९. ही फाइल बायकोने बघावी

पेन्शन नवऱ्याच्या नावची, पण तिचा दुसरा अर्धा भाग बायकोचा असतो. पेन्शनर गेला की विधवेला त्याच्या पेन्शनीच्या निम्मी मिळते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला हजार रुपये आहे आणि हे लिहितानाही हजारच आहे. महागाई भत्ता नाही. पेन्शनरांचे मोर्चे साडेसात हजार आणि भत्ता मागत आले आहेत, ते मागणं मला वाजवी वाटतं. पण ते मिळेल या भरवशावर कुणी नोंदी तपासायच्या सोडू नयेत.

बऱ्याच जणांचं नामनिर्देशन लग्नाआधीचं असतं, त्यावर आईचं नाव असतं. आई देवाघरी गेली, बायको आली, पोरं मोठी झाली, फॉर्म तसाच. कायद्याने विधवेचा हक्क जात नाही, पण नवरा गेल्यावर पंधरा दिवसांत तिने लग्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि माहेरच्या-सासरच्या नावाचं प्रतिज्ञापत्र घेऊन फिरायचं, हे चित्र मी गावात पाहिलं आहे. ई-नॉमिनेशन मोबाइलवर भरता येतं. बायकोचं नाव आधारवर आहे तसंच भरावं, जन्मतारखेसकट. पेन्शन मागायच्या १०-डी फॉर्मला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. आमचा लग्नानंतरचा तो दुसराच एकत्र फोटो असावा.

मला स्वतःला पेन्शन नाही. अंगणवाडी सेविकेला मानधन असतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं, तेवढं खरं. तेव्हा ह्यांच्या पेन्शनीत माझा जो निम्मा भाग आहे तो मी स्वतःच्याच हिशेबात धरते, आणि त्यामुळं ही फाइल बघताना मला जांभई आली नाही.

१०. अठ्ठावन्न, पन्नास, साठ

नोकरी साठपर्यंत असली तरी पेन्शन अठ्ठावन्नला घेता येते. घेतली नाही आणि साठपर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढून मिळते. पन्नासनंतर, नोकरी सुटलेली असेल तर, आधीही घेता येते, पण अठ्ठावन्नला जेवढी वर्षं कमी तेवढे दर वर्षी ४ टक्के कापून, कायमचे. कारखाना बंद पडला आणि हातात काही नाही, अशा माणसाने काय करावं ते मी सांगणार नाही. ज्याचं त्याला कळतं.

११. पीपीओ आला म्हणजे काम झालं नाही

ह्यांचा पेन्शन मंजुरीचा कागद, पीपीओ, आला तेव्हा घरात पेढे आले. मी पेढा खाल्ला आणि वही घेऊन बसले. त्यावर सेवेची वर्षं असतात, पगार असतो, जोडीदाराचं नाव-जन्मतारीख असते, बँकेचं खातं असतं. २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत घेता येते, त्यामुळं पुण्याला लेकाकडं राहायला जाणाऱ्यांची सोय झाली. हयातीचा दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. तरी सगळे नोव्हेंबरातच गर्दी करतात.

आमच्या पीपीओत सेवा वहीपेक्षा एका वर्षाने कमी निघाली. शोधलं तर दोन जुन्या हंगामांची दुरुस्ती कारखान्याकडून गेलीच नव्हती, दोन अर्धी वर्षं मिळून एक गेलं होतं. दोन्ही २०१४ च्या आधीचे. म्हणजे महिन्याला ९३ रुपये.

"त्र्याण्णव रुपयांसाठी आता कुठं परत जातीस?" हे म्हणाले.

"वर्षाचे अकराशे सोळा होतात," मी म्हटलं. "एक सिलिंडर निघतो त्यात."

अर्ज टाइम ऑफिसात दिलाय, पोचेवर शिक्का आहे. येत्या २७ तारखेच्या शिबिरात त्याची एक प्रत तिथंही देणार आहे. ह्यांनाही बरोबर नेणार आहे, सही लागली तर.